मिलिमीटरभर ढील

११ जानेवारी

मर्व्ह,

घरी सगळं ठीक आहे, कोणी गेलेलं नाही. सहा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात आधी तेच आलं असणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

काल दुपारी कर्स्टनचा फोन आला. मी आवाज ओळखलाच नाही. तुम्ही इथून क्वीन्सलंडला गेलात तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आता आवाज थेट आपल्या आईचा झालाय, वाक्याच्या शेवटी वर जाणारा.

"लिनकाका, मी कर्स्टन. मर्व्हची. फोन ठेवू नकोस हं."

"मी कशाला ठेवीन?"

"बाबा ठेवतील ना, म्हणून वाटलं."

तुझी निळी हजार सीसी मोटरसायकल ती पुन्हा उभी करतेय असं तिने सांगितलं. चौकट सरळ झाली, टाकी रंगवली, इंजिन लागलं. राहिलाय तो फक्त पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरजवळचा पंप. तुझा इटालियन पंप तू ट्रॅकवर पडलास तेव्हा फुटला होता आणि गाडीबरोबर आलेला कंपनीचा मूळ पंप डब्यात गंजून गेलाय, म्हणून बाहेरचा घ्यायचाय. "नेटवर इतके आकडे आहेत की डोकं फिरलं माझं. बाबांना विचारलं तर म्हणाले, लिनला विचार, तो नेहमी बरोबर असतो."

ती हे हसत सांगत होती, तिला ते कौतुक वाटलं होतं. वडिलांच्या दफनाच्या दिवशी सभागृहाच्या दारात कुबडीवर उभा राहून तू मला काय म्हणालास ते तिने ऐकलेलं नाही, हे बरंच आहे.

दहा फेब्रुवारीला ती शर्यतीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी काढणार आहे. तिला काय घ्यायचं ते मी सांगितलंय, पण ब्रेकला हात तुझा लागणार, म्हणून तुलाही लिहितो.

सतरा मिलिमीटरचा घ्या. एकोणीसचा नको. दुकानात येणारी तरुण पोरं मोठाच आकडा मागतात, जसं काही बुटाचं माप आहे. जाड पिस्टन कमी अंतरात जास्त ऑइल ढकलतो, म्हणून लिव्हर हाताला लगेच घट्ट लागतो आणि उभ्या गाडीवर दाबून पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय ब्रेक आहे. पण चालत्या गाडीवर तो सगळा जोर बोटांनीच द्यावा लागतो, आणि चाकाखाली काय चाललंय ते बोटांना कळत नाही. सतराचा लिव्हर थोडा जास्त ओढावा लागतो, मऊ लागतो, पण हाताचं ऐकतो. कर्स्टनचं वजन साठ किलो आहे म्हणाली. तिच्या हाताला सतराच बरोबर. एकोणीस तुझ्याही हाताला जड होता, ते आपण पाहिलंच.

पंप मी इथूनच पाठवतोय. पंपाबरोबर जो लिव्हर येईल तोच वापरा. दुसरा कुठलाही लावू नका.

लिन

२० जानेवारी

मर्व्ह,

पंप पोचल्याचं कर्स्टनने कळवलं. तुझं उत्तर नाही, आणि ते येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आज रविवार. प्रभुभोजन होतं. चर्चच्या दाराशी कार्डांचा तोच डबा आहे आणि दोऱ्याला बांधलेली तीच पेन्सिल. ज्याला वेदीपाशी जायचंय त्याने कार्डावर नाव लिहून थाळीत टाकायचं, आणि भावाशी बिनसलेलं असेल तर आधी ते नीट करून मगच नाव लिहायचं. चर्चमागच्या आपल्या एका खोलीच्या शाळेत शुद्धलेखनाच्या आधी आपण हेच शिकलो. सहा वर्षं झाली, मी नाव लिहिलेलं नाही. रांग पुढे सरकते तेव्हा कॉलीन माझ्या गुडघ्यांना वळसा घालून जाते आणि मी बाकावर बसून राहतो. पहिल्या वर्षी लोक बघायचे. आता गुडघ्यांना वळसा घालायची सगळ्यांनाच सवय झालीय.

बायको असूनही कॉलीनने कधी विचारलं नाही. आज घरी येताना गाडीत म्हणाली, "मर्व्हला पत्र लिहितोयस म्हणे."

"ब्रेकबद्दल लिहितोय."

"हं. ब्रेकबद्दल," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

काल संध्याकाळी कर्स्टनचा परत फोन आला. खुशीत होती. "काका, पंप भारी आहे. पण लिव्हर माझ्या बोटांना लांब पडतो. मग बाबांनी जुन्या डब्यातून तो आखूड लिव्हर काढला. आणि लिव्हर नि पिस्टनच्या मधली, तू लेथवर केलेली ती कांडी. बाबा म्हणतात नवीन पंपालाही ती बसेल, भोकं तीच आहेत. म्हणतात, लिनने आयुष्यात केलेलं सगळ्यात सुंदर काम आहे हे. लिव्हरला केसाएवढीही ढील राहत नाही."



"काका? आहेस ना?"

मी तिला सांगितलं की ती कांडी झिजलेली आहे. आतून झिजते, डोळ्याला दिसत नाही, फेकून द्या. तुलाही तेच लिहितो. कांडी झिजली आहे. लावू नकोस.

फोन ठेवायच्या आधी ती अजून एक बोलली. म्हणाली, मी ट्रॅकवर जाते म्हटलं की आई बाबांना ऐकवते, "भावाचं ऐकलं असतंस तर आज हात धड असता." मग बाबा उठून बाहेर जातात. हेसुद्धा ती सहज सांगून गेली, घरातल्या एखाद्या जुन्या खुर्चीचं कुरकुरणं सांगावं तसं.

तुला वडिलांची कुंपणं आठवतात का? त्या उन्हात मैलोन्‌मैल तार ओढत जायची. शेवटच्या खांबाला पीळ देऊन झाला की ते पकडीने तारेवर टिचकी मारायचे आणि तार वाजली नाही तर आपण दोघं पुन्हा पहिल्या खांबापासून. "ढील म्हणजे आळस," एवढंच म्हणायचे. दुसऱ्याच्या शेतावरून जाताना सैल तार दिसली की मान फिरवायचे, जणू कोणी उघडं उभं आहे. तू त्यातून सुटलास, मेंढ्यांची लोकर कातरायला गेलास. मी राहिलो. अजूनही दुकानात गाडी आली की मी आधी सगळे लिव्हर हलवून बघतो.

आज एवढंच. कांडी फेकून दे.

लिन

२६ जानेवारी

मर्व्ह,

हे पत्र टपालाने वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही म्हणून सकाळी मी कर्स्टनला फोन केला. माझं पत्र येऊन तू ते वाचेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

"कारण काय पण? बाबांनी त्या कांडीला मायक्रोमीटर लावला, काका. कुठेच झीज नाही. म्हणाले, लिनचं काम झिजत नाही, सांग त्याला. कालच बसवली."

"कारण मी तुझ्या बाबांना लिहितोय."

"मला सांगितलंस तर नाही चालणार?"

"आधी त्यांना सांगायला हवं."

म्हणजे मी काम फार चांगलं केलं होतं, म्हणून माझं खोटं चाललं नाही. तू ती कांडी मापलीस आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. आता लिहितो.

कांडी झिजलेली नाही. ती लांब आहे. आठ दशांश मिलिमीटर लांब आहे.

तुझी बोटं आखूड, म्हणून तुला आखूड लिव्हर हवा होता. तो दुसऱ्या पंपाचा होता. बसवल्यावर तो सैल राहिला, पिस्टनला टेकण्याआधी एक मिलिमीटरभर नुसताच हलायचा. मला ते बघवेना. तू म्हणालास, "राहू दे रे, तेवढ्याने काय होतंय," आणि सिगारेट ओढायला बाहेर गेलास. मी लेथवर नवीन कांडी केली, थोडी लांब, घासून आरशासारखी केली. बसवली. ढील गेली. तू आत येऊन दाबून पाहिलंस आणि शीळ घातलीस. "वडील असते तर टिचकी मारून बघितली असती," म्हणालास. ते तेव्हा होतेच की, घरात पडून होते, पण आपण दोघंही त्यांच्याबद्दल तसंच बोलायला लागलो होतो.

ती ढील पंप बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते. मला हे ठाऊक होतं, म्हणजे पुस्तकात वाचलेलं होतं. लिव्हर सोडला की पिस्टन पार मागे जायला हवा, म्हणजे आतलं एक सुईएवढं छिद्र उघडं पडतं आणि ब्रेक तापून ऑइल फुगलं की जास्तीचं ऑइल त्यातून वर पंपाच्या टाकीत जातं. माझ्या कांडीने पिस्टन त्या छिद्राच्या तोंडावरच उभा राहिला. गार शेडमध्ये सगळं ठीक होतं. त्या नोव्हेंबरात ट्रॅकवर एक्केचाळीस अंश होतं. ऑइल फुगलं, त्याला जायला जागा नव्हती, म्हणून ते पॅडवर दाबत गेलं. पॅड घासून आणखी तापले, ऑइल आणखी फुगलं. पाचव्या फेरीला, डाव्या वळणावर, चाक धरून बसलं.

हे मला कधी कळलं ते तुला जाणून घ्यायचं असेल. तिसऱ्या दिवशी. गाडी माझ्याकडे ट्रेलरवरून आली, मी ती शेडबाहेर उन्हात उभी केली आणि आत काहीतरी आणायला गेलो. पंपाचा कान तुटला होता पण आतलं सगळं शाबूत होतं. अर्ध्या तासाने पुढचं चाक हलेना. लिव्हरचा स्क्रू सैल करून कांडी जराशी मागे घेतली. चाक लगेच फिरलं. मी तिथे जमिनीवरच बसलो. प्रार्थना करायचीही शुद्ध नव्हती मला, नुसता त्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत होतो.

चौथ्या दिवशी मी तुला भेटायला हॉस्पिटलात आलो. तुझा पाय प्लास्टरमध्ये होता, मनगटातल्या सळ्या बाहेर दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले होते की मनगट वळणार नाही, म्हणजे कात्री गेली, दिवसाला दोनशे मेंढ्या गेल्या. तू मला म्हणालास, "लिन, लिव्हर दगडासारखा झाला होता रे. मी दाबलाच नव्हता."

आणि मी म्हणालो, "एकोणीसचा पंप असाच लागतो. मी तुला सतरा घे म्हणत होतो."

मी तसं म्हटलं होतं हे खरं आहे. म्हणूनच ते खोटं इतकं नीट बसलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग छताकडे. तुझा स्वतःवरचा विश्वास गेलेला मी समोर बघितला, आणि खुर्ची जवळ ओढून तुला पाणी पाजलं.

पुढच्या मार्चमध्ये वडिलांच्या दफनानंतर, सभागृहात, सगळ्यांसमोर, कोणीतरी तुझ्या हाताचं विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हटलं. मी त्याला सतरा सांगितला होता. शेजारच्या शेतावरचे पेचबुवा होते, नॉर्मा झ्वार होती, पाद्री होते. तेव्हा तू दारात वळून म्हणालास, "बरोबर होतास तू, लिन. आता जन्मभर बरोबरच राहा."

राहिलो. परवा परवा पहिल्या पत्रातसुद्धा मी पुन्हा तेच लिहिलं, एकोणीस तुझ्या हाताला जड होता म्हणून. तो जड नव्हता. तुझा हात माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा होता.

गाडीचे भाग डब्यात भरून तुझ्याकडे पाठवले तेव्हा कांडी मी हातात धरून बराच वेळ उभा होतो. फेकायचा धीर झाला नाही. स्वतःला सांगितलं की ती तुझी वस्तू आहे. खरं तर वाटत होतं, कधीतरी तू ती बघशील, तुला कळेल, आणि मला बोलावं लागणार नाही. तू ती सहा वर्षं जपून ठेवलीस.

आता ऐक. ती कांडी काढ. पंपाबरोबर आलेला लिव्हर लाव, लांब असला तरी, नाहीतर त्याच कंपनीचा आखूड मागव. टाकीचं झाकण काढ आणि लिव्हर अगदी हळू दाब. सुरुवातीला तो हाताला नुसता हलला पाहिजे, मग टाकीतल्या ऑइलवर बारीकसा उमाळा दिसला पाहिजे. तो दिसला तर छिद्र उघडं आहे. नाही दिसला तर कर्स्टनला गाडीवर बसू देऊ नकोस, मी काहीही सांगितलेलं असो.

इव्हॉन तुला काय ऐकवते ते कर्स्टनने सांगितलंय, तिला हे पत्र दाखव. तुझा हात तुझ्या हट्टाने गेला नाही.

माफी मागायला मी अजून धजत नाही. आधी तू वाच.

लिन

२५ फेब्रुवारी

मर्व्ह,

खोकं गेल्या सोमवारी आलं. वर पत्ता तुझ्या डाव्या हाताचा, लहान मुलासारखा. आत मी पाठवलेला पंप, त्याच्याच पिशवीत, पुसून ठेवलेला. मी तळापर्यंत चाचपलं. पत्र नव्हतं. माझी पत्रंही नव्हती, तुझंही नव्हतं. एका मऊ फडक्यात कांडी होती.

मी ती मापली. आठ दशांश जास्त. तू तिला कानस लावली नाहीस, जशी होती तशी माझ्याकडे परत केलीस. मला समजलं.

पुढचं कर्स्टनकडून कळलं. तू ब्रिस्बेनहून दुसरा पंप मागवलास. सतराच, पण माझ्या हातातून न आलेला. पत्र वाचून तू ते इव्हॉनला दिलंस आणि साखर कारखान्यात काट्यावर कामाला निघून गेलास. "आईने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं," कर्स्टन म्हणाली. "मग बाहेर जाऊन गाडीत बसली. काचा बंद, इंजिन बंद. एवढ्या उन्हात. मी जाऊन दार उघडलं तर म्हणाली, मी त्याला सहा वर्षं काय काय बोलले गं."

आणि दहा तारखेचं. अडतीस अंश होतं म्हणे. तू घडीची खुर्ची घेऊन गेलास आणि दिवसभर तिथेच बसलास. ती दर वेळी आत आली की तू उठायचास, गाडीचं पुढचं टोक स्टँडवर उचलायला लावायचास आणि डाव्या हाताने चाक फिरवायचास. ते आपोआप थांबेपर्यंत बघत राहायचास, आणि पुन्हा खुर्चीत.

"लोक हसत होते, काका. एकाने विचारलं, म्हाताऱ्याला चाक आवडतं का? मी म्हटलं, हो."

सहाही वेळा चाक मोकळं फिरलं असं तिने सांगितलं. मी शेडमध्ये होतो, फोन कानाला तसाच धरून बाकावर बसलो आणि मोठ्याने देवाचे आभार मानले. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

"पुढच्या वेळी तू ये ना बघायला," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबांना विचारून सांगते." त्यानंतर तिने काही सांगितलेलं नाही. तिला विचारू नकोस, तिच्यावर भार नको.

काल रविवार होता. उपासनेनंतर सभागृहात चहा होता, त्याच लांब टेबलांवर, मधाची बिस्किटं आणि नॉर्माचा केक. पेचबुवा आता ब्याऐंशीचे झालेत, कान गेलेत, त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं. मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो. कांडी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, सहा वर्षांपूर्वी याच खोलीत मी माझ्या भावाबद्दल तुमच्यासमोर एक गोष्ट बोललो होतो, ती खोटी होती. मग सगळं सांगितलं. लेथ, कांडी, छिद्र, ऊन, हॉस्पिटल. कॉलीन चहाच्या किटलीपाशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही, पण किटलीही तिने खाली ठेवली नाही.

नॉर्मा तिच्या केककडे बघत होती. शेवटी पेचबुवांनी कांडी उचलली, डोळ्यांजवळ नेली, बोटांत फिरवली.

"बनवलीय मात्र झकास," ते म्हणाले.

"हो."

"आणि हे सांगायला सहा वर्षं लागली तुला?"

"हो."

"तुझ्या बापालाही तारेत ढील चालायची नाही. माझे दोन खांब उपटले होते त्याने," असं म्हणून त्यांनी कांडी माझ्याकडे परत सरकवली. "चहा गार होतोय बघ तुझा."

मी तो तसाच प्यायलो. निघताना दाराशी दोघांनी हस्तांदोलन केलं, बाकीचे आपापल्या टोप्या शोधत राहिले. आज सकाळी दोन गिऱ्हाइकं आपल्या गाड्या परत न्यायला आली. दोन्हींचं ब्रेकचंच काम होतं. मी अडवलं नाही, ट्रेलरवर चढवायला हात दिला.

कार्ड मी अजून भरलेलं नाही. तू हाक मारल्याशिवाय ते भरायचं नाही, आणि तू हाक मारावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. नाही मारलीस तरी मी बाकावर बसून राहीन, जागा ओळखीची झालीय. कांडी आता दुकानात लेथच्या वर खिळ्याला टांगली आहे. कोणी विचारलं तर सांगतो.

सभागृहात एकाने विचारलं होतं. तो लांब उभा होता, त्याला सुरुवातीचं नीट ऐकू गेलं नव्हतं. "म्हणजे नक्की काय झालं? मर्व्हने ब्रेक जास्त दाबला?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, नाही. मर्व्हने दाबलाच नव्हता.

लिन